कपाटातला जबडा

९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तूर्त एकच, बाकीचे दगडांचा निकाल लागल्यावर.

पत्रासोबत बुटांचं खोकं येतंय. त्यात बूट नाहीत. पोस्टातल्या माणसाने ते उचललं आणि विचारलं, "बाई, यात लोखंड आहे का?" मी म्हटलं, "इतिहास आहे." तो म्हणाला, "मग दोरी आणखी एक मारा. इतिहास खालून फाटतोय."

फोन केला नाही, कारण मी बोलायला लागले की तू फोन हातभर लांब धरतोस आणि तुझ्या संग्रहालयातले सगळे कान टवकारतात. जन्मभर रेल्वे स्टेशनवर घोषणा केल्या, आता आवाज खाली येत नाही त्याला मी काय करू? फोटो काढून पाठव म्हणशील, तर मी काढलेल्या फोटोत माझा अंगठा तेवढा स्पष्ट येतो.

निवृत्त झाल्यावर मी समुद्राकाठी घर घेतलं तेव्हा तू म्हणालास, "ताई, तिथे एकटी करशील काय?" तर हे करते. रोज सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर जाते आणि खाली मान घालून चालते. परवा एका गुळगुळीत गोट्यावर पाच पाकळ्यांचं फूल दिसलं. कुणी कोरलेलं नव्हे, दगडातूनच उगवलेलं. तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही. दूधवाल्याने हिशेब विचारला तेव्हा मी त्याच्या पायाखाली बघत होते.

प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी चिकटवली आहे. माझे अंदाज त्यावर आहेत. लाल तो बहुधा मोठ्या जनावराचं काळीज. हिरवट चकचकीत तो माशाचा डोळा. काळा, वजनाला हलका, त्याला मी "अज्ञात यकृत" म्हटलं आहे. तू तुझं शास्त्र लावून सांग. घाबरू नकोस, खरं सांग.

इथे मी एकटीच वेचणारी नाही. शेजारी एक कप्तान राहतात. सगळं गाव त्यांना कप्तानच म्हणतं. पांढरी टोपी, ताठ पाठ, आणि पहाटेच्या आधी किनाऱ्यावर हजर. वाळू अशी बारकाईने बघत जातात की मागून येणाऱ्याला काही उरत नसेल. मी रोज "सुप्रभात" म्हणते. ते "हं" म्हणतात. तेसुद्धा ओठ न उघडता. एवढी कसली मिजास? दगड काय यांच्या वाडवडिलांनी टाकून ठेवलेत?

तुझी,
ताई

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. खोकं पोहोचलं. शिपायाने कंबर धरली आहे, पण रजा मागितलेली नाही.

सगळे तुकडे भिंगाखाली पाहिले. मोठ्या जनावराचं काळीज ही वीट आहे. समुद्राने तिचे कोपरे खाल्ले की ती अशी गोल होते. माशाचा डोळा हे बाटलीचं बूड आहे. अज्ञात यकृत हे रस्त्यावरचं डांबर आहे. ते उन्हात ठेवू नकोस, मी ठेवलं, आता ते माझ्या टेबलाचा भाग झालं आहे.

पण तुझा पाच पाकळ्यांचा गोटा खरा जीवाश्म आहे. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. समुद्राच्या तळाशी काटेरी चेंडूसारखा एक प्राणी असतो. हा त्याच जातीचा, फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला. काटे गेले, कवच झिजलं, पाकळ्या तेवढ्या राहिल्या. किनाऱ्यावरचे जीवाश्म असेच मिळतात, चेहरा पुसलेले. त्यामुळे आम्ही "बहुधा" हा शब्द वापरतो. तूही वापरावास.

झिजलेला तुकडा ओळखायचा तर आकारावर जाऊ नये, आकार समुद्र देतो. नक्षी बघायची. एकसारखी, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी असेल तर तिथे कधीतरी जीव होता. हाडाचा संशय आला तर एक जुनी युक्ती आहे: जिभेची टोकं लावून बघायची. जुन्या हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात आणि जीभ किंचित चिकटते. साध्या दगडाला चिकटत नाही.

तुझ्या कप्तानांबद्दल जपून. असे लोक मुरलेले असतात. चांगली जागा सापडली की वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत. तू कुठे काय वेचतेस ते त्यांना कळू देऊ नकोस.

ही म्हणते, वरची खोली झाडून ठेवली आहे, पडदे धुतले आहेत. हिवाळा एकटीने तिथे काढायचा हट्ट कशाला? माझंही तेच म्हणणं आहे. उगाच नाही सांगत, काळजी वाटते.

तुझा,
बारक्या

२ डिसेंबर

प्रिय बारक्या,

जिभेची टोकं? माणसाला जिभेचं टोक एकच असतं रे. तुझ्या खात्यातल्यांचं वेगळं असेल तर माहीत नाही.

असो. युक्ती उत्तम आहे. मी दहा दिवस... नको, तुला मोजलेलं आवडतं, मला नाही. पुष्कळ दगड चाटले. खारट सगळेच लागतात. पण बोटाएवढ्या एका तपकिरी तुकड्याला जीभ अशी चिकटली की "अगं बाई" म्हणायलासुद्धा सुटेना. तो सोबत पाठवते. धुऊन घे.

परिणाम मात्र झाला. मी ओणवी होऊन एक मोठा दगड जागच्या जागी चाटत असताना औषधाच्या दुकानातल्या बाई तिथून फिरायला चालल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आल्या, शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अंगात लोह कमी झालं की होतं असं कधीकधी. माझ्या नणंदेला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची." जाताना टॉनिकची बाटली ठेवून गेल्या. मी समजावून सांगितलं, हे शास्त्र आहे, माझा भाऊ संग्रहालयात आहे. त्या म्हणाल्या, "हो हो, भावालाही द्या चमचाभर."

आता मुख्य बातमी. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मला काचेचं एक कपाट दिलं आहे! त्यात पूर्वी कोश होते, त्यांना वाळवी लागली. त्या म्हणाल्या, "दगडांना लागणार नाही." कपाटात मी माझे नग मांडणार. चिठ्ठ्यांवर तुझा तो "बहुधा" लिहिणार. उद्घाटनही ठरलं आहे. इथे आल्यापासून पहिल्यांदाच लोक मला नमस्कार करून थांबतात. नाहीतर मी "स्टेशनवाल्या, मोठ्याने बोलणाऱ्या" एवढीच होते.

आणि मुख्यातली मुख्य. काल वादळ झालं. सकाळी खडकांच्या खोबणीत मला एक जबडा सापडला. हसू नकोस. खरोखरचा. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, माझ्या तळहातात मावणारा. वरून सगळीकडे पांढरट खडबडीत थर, त्यात बारीक वळवळीत नळ्या. पुढची बाजू त्या थराखाली झाकलेली आहे, पण मागच्या दोन्ही टोकांना चपटे, झिजलेले दात रांगेने दिसतात. मी लगेच जीभ लावली. चिकटली नाही. पण दात म्हणजे दात! पाठवत नाही, पोस्टावर माझा विश्वास नाही. पेन्सिलीने चित्र काढलं आहे. डावीकडचा अंगठा माझा आहे, तो प्राण्याचा समजू नकोस.

कप्तान नेमके तेव्हाच मागून येत होते. मी जबडा ओच्यात लपवला आणि त्यांच्याकडे बघून "हं" म्हटलं. ओठ न उघडता. जिरली.

तुझी,
ताई

९ डिसेंबर

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच.

चित्र मिळालं. मी ते पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. मग दार लावून घेतलं. माझ्या नोकरीत मी "बहुधा" सोडून शब्द वापरत नाही हे तुला माहीत आहे. आज वापरतो: विलक्षण.

फार जुन्या काळी काही मासे शिंपले फोडून खायचे. त्यासाठी त्यांच्या जबड्यात असे चपटे, फरशीसारखे दात रांगेने बसवलेले असत. सुटे दात आमच्याकडे डबाभर आहेत. पण अख्खा जबडा, दोन्ही बाजूंसकट, जागच्या जागी दात असलेला! ताई, आमच्या संग्रहालयात असा नग नाही. माझ्या माहितीत जवळपास कुठेच नाही.

जीभ चिकटली नाही याचा अर्थ तो पूर्ण दगड झाला आहे. उलट चांगलंच.

आता तीन गोष्टी. कुणाला दाखवू नकोस. कप्तानांना तर मुळीच नको. आणि थराचा एखादा कोपरा अगदी हलक्या हाताने, लाकडी काडीने खरवडून आतला रंग कसा आहे ते मला उलट टपाली कळव. काळा असेल, तपकिरी असेल, क्वचित निळसरही असतो. रंगावरून तो कोणत्या थरातला ते सांगता येईल.

मला राहवलं नाही, आमच्या संचालकांना मी चित्र दाखवलं. ते सहसा कुणाच्या टेबलापाशी येत नाहीत. आज आले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तुमच्या भगिनी भूशास्त्रज्ञ आहेत का?" मी म्हटलं, "नाही, उद्घोषक." ते म्हणाले, "कमाल आहे." मला वीस वर्षांत त्यांनी कमाल आहे असं म्हटलेलं नाही.

बोटाएवढा तुकडा हाडाचाच आहे. मात्र मला तो चाटून खात्री करावी लागली, आणि नेमकी तेव्हा शाळेची सहल आत आली.

तुझा,
बारक्या

ता. क. ही विचारते, टॉनिक कुठलं होतं.

१५ डिसेंबर

प्रिय बारक्या,

उद्घाटनाची गाडी सुटून गेल्यावर तुझं पत्र फलाटावर आलं. कुणाला दाखवू नकोस म्हणतोस, इथे अर्ध्या गावाने पाहिला.

कपाटाच्या मधल्या फळीवर मखमलीचा तुकडा, त्यावर जबडा, खाली ग्रंथपाल बाईंच्या सुंदर अक्षरात: "प्राचीन जलचराचा जबडा (बहुधा)." मी दोन शब्द बोलले. माइक दिला होता, मी घेतला नाही, तरी बाहेरचे कुत्रे उठून गेले. टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे गावाचं नाव होणार." मला रडूच आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्याच गाड्यांची नावं घेतली मी.

आणि मग तो प्रकार घडला.

कप्तान सगळ्यांत शेवटी आत आले. कपाटापाशी गेले, टोपी काढली, काचेला नाक लावलं, आणि एकदम ताठ झाले. चेहरा लालबुंद. मग माझ्याकडे वळले आणि जबड्याकडे बोट दाखवून ते बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. पुन्हा जबड्याकडे, पुन्हा छातीवर. म्हणजे काय, तर हा माझा!

"तुमचा?" मी म्हटलं. "तुम्ही आधी पाहिला असाल तर उचलायचा होतात!"

त्यांनी हात जोडले. तोंडावर रुमाल धरला. "हं, हं" केलं.

"हं काय? बोला की स्पष्ट! चार माणसांसमोर सांगा, हा तुमचा कसा?"

कप्तानांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेले. मी जिंकले. पण बारक्या, जिंकल्यासारखं वाटलं नाही. जाताना त्यांची पाठ ताठ नव्हती. अगदी पोरासारखी दिसत होती.

जाऊ दे. तू म्हणालास म्हणून ग्रंथपाल बाईंकडून किल्ली घेतली आणि काडीने कोपरा खरवडला. काळा नाही. तपकिरी नाही. निळसर तर नाहीच.

आतून छान गुलाबी आहे.

तुझी,
ताई

१९ डिसेंबर

ताई,

कवळी.

ती कवळी आहे. माणसाच्या खालच्या दातांची. गुलाबी प्लॅस्टिक असतं तिला. वरचा पांढरा थर म्हणजे समुद्रातल्या किड्यांनी केलेली चुन्याची घरटी. एक हंगाम पाण्यात पडलं की कशावरही चढतात.

आणि तू तिला जीभ लावलीस. मी सकाळपासून त्या वाक्यापाशी थांबलो आहे.

मला जास्त काही लिहिता येत नाही. जो मी आयुष्यभर सगळ्यांना आकारावर जाऊ नका म्हणून सांगतो, तो मीच पेन्सिलीच्या चित्रावर गेलो. पण हे एवढ्यावर भागत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी संचालकांच्या खोलीकडे धावलो. खोलीला कुलूप. ते कालच रजा टाकून सहकुटुंब समुद्रावर जायचं म्हणून निघाले आहेत. कुठल्या समुद्रावर ते तुला सांगायला नको. जाताना शिपायाला म्हणाले, "जबडा बघूनच येतो."

त्यांचा फोन लागत नाही. तुला फोन करावा तर तू "कवळी?" म्हणशील ते सगळ्या संग्रहालयाला ऐकू जाईल. म्हणून ताई, हे पत्र त्यांच्या आधी पोहोचावं असं जलद टपालाने टाकतो आहे. ते येतील तेव्हा जबडा नाहीसा झाला, समुद्रात पडला, चोरीला गेला, काहीही सांग. माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

मला एक प्रश्न राहून राहून पडतो आहे. ती कवळी कुणाची असेल?

बारक्या

ता. क. शिरक्यात, म्हणजे साध्या व्हिनेगरात रात्रभर ठेवली तर चुन्याचा थर विरघळेल. हे का सांगतो आहे मलाच कळत नाही. सवय.

२९ डिसेंबर

प्रिय बारक्या,

तुझा प्रश्न वाचला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कुणाची असेल म्हणे! ओठ मिटून "हं" करणारा माणूस या किनाऱ्यावर एकच आहे. तोंडावर रुमाल धरणारा, छातीवर बोट आपटणारा. मी त्याला चार माणसांसमोर "बोला स्पष्ट" म्हणाले होते. भूमीने पोटात घ्यावं असं वाटलं.

किल्ली माझ्याकडेच होती. कवळी काढली, व्हिनेगरात टाकली. सकाळी फसफस थांबली तेव्हा आत इतके व्यवस्थित दात होते की मलाच लाज वाटली. उकळत्या पाण्याने वाकेल म्हणून कोमट पाण्याने धुतली, रुमालात गुंडाळली आणि शेजारचं दार ठोठावलं.

कप्तानांनी दार उघडलं. मी रुमाल पुढे केला आणि म्हटलं, "मी गाढव आहे."

त्यांनी रुमाल उलगडला. पाठ केली. जरा वेळाने वळले आणि म्हणाले, "या, आत या. चहा ठेवतो."

पहिलं वाक्य! छान घोगरा आवाज. एका दाताचा टवका उडाला आहे, त्यामुळे "स" म्हणताना शीळ वाजते, बाकी उत्तम.

मग सगळं कळलं. उन्हाळ्यात पोहताना लाट आली, शिंक आली, आणि दोन्हींच्या मध्ये कवळी गेली. गावात कुणाला सांगायची लाज. दुसरी करून घ्यायची तर डॉक्टरांना सांगावं लागणार आणि डॉक्टरांना सांगितलं की सगळ्यांना कळणार. म्हणून रोज पहाटे शोधायचे. बारक्या, तुझा तो मुरलेला जीवाश्मवाला आपले दात शोधत हिंडत होता! "तुम्ही रोज सुप्रभात म्हणायचात," म्हणाले, "आणि मला एवढं बोलायचं असायचं की विचारू नका. तुम्हाला वाटलं असेल, माणूस घमेंडखोर आहे."

"छे छे," मी म्हटलं.

कप्तानही ते नव्हेत. बस चालवायचे. टोपी उन्हासाठी घालतात. बोटीत बसलं की त्यांना मळमळतं.

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात ग्रंथपाल बाई धावत आल्या. तुझे संचालक वाचनालयात येऊन बसले होते, बायकोमुलांसह, भिंग काढून. आणि कपाटात नुसती मखमल. बाईंनी चोरीची हाकाटी केली होती, लोक जमले होते, आणि औषधाच्या बाईंनी सांगून टाकलं होतं की कप्तानांनी त्या जबड्यावर हक्क सांगितला होता, त्यांच्याच घरी बघा.

मी तुझं पत्र आठवत चालले होते. समुद्रात पडला, चोरीला गेला, काहीही सांग. वाचनालयात पाय टाकला तर संचालक उठून उभे राहिले. उंच, सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, तुमच्या बंधूंनी आयुष्यात पहिल्यांदा 'विलक्षण' हा शब्द वापरला. जबडा कुठे आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज, जो कधी बंद पडला नाही, तो बंद पडला. खरं सांगावं तर कप्तानांची शोभा. खोटं सांगावं तर कप्तान चोर. घशातून फक्त "हं" आलं.

आणि बारक्या, तो माणूस पुढे झाला. जो सगळा पावसाळा आणि अर्धा हिवाळा तोंड मिटून हिंडला, तो पुढे झाला, टोपी काढून टेबलावर ठेवली, तोंडात दोन बोटं घातली आणि ती कवळी काढून टोपीशेजारी ठेवली. सगळ्यांसमोर. मग संचालकांना म्हणाला, "हा फबडा माझा हाय. बाईंची काय फूक नाही."

संचालकांनी भिंग डोळ्याला लावलं. खाली वाकले. सवयीने नीट पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या. शेवटी भिंग मिटून म्हणाले, "नग उत्तम अवस्थेत आहे. मूळ मालकाकडेच राहावा अशी माझी शिफारस."

आणि मग ते हसायला लागले. आधी त्यांच्या बायकोने त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, मग तीच भिंतीला टेकली. सगळं वाचनालय हसत होतं. कप्तान सुद्धा, हिरड्या दाखवून, अगदी मोकळे. पहिल्यांदा हसताना पाहिलं मी त्यांना. डॉक्टर तेवढे रागावले, म्हणाले, "मला सांगायचं नाही का, मी कुणाला बोललो असतो?" त्यावर सगळे परत हसले.

तुझ्यावर संचालक रागावलेले दिसले नाहीत. पाच पाकळ्यांचे गोटे त्यांनी मन लावून पाहिले. पण तू त्यांना तोंड दे बाबा आता.

तुझी,
ताई

६ जानेवारी

प्रिय ताई,

संचालक परत आले. मी राजीनाम्याचा मसुदा खिशात घेऊन गेलो होतो. त्यांनी मला बसवलं, दार लावलं आणि अर्धा तास तुझी नक्कल केली. तू हसताना सुद्धा फलाट क्रमांक सांगितल्यासारखी हसतेस म्हणे. राजीनामा काढायला मला जागाच मिळाली नाही.

मात्र माझ्या टेबलावर आता कुणीतरी रोज एक पेन्सिलीचं चित्र ठेवतं. काल कंगव्याचं होतं. खाली लिहिलं होतं: "माशाचा कणा? विलक्षण?" मी उत्तरादाखल "बहुधा कंगवा" असं लिहून खाली सही केली. सगळं खातं खूश आहे. वीस वर्षांत माझ्या टेबलाभोवती एवढी माणसं कधी नव्हती.

ताई, पत्र हिने मोठ्याने वाचलं. कप्तानांनी कवळी काढून ठेवली तिथे आल्यावर ती थांबली. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी असं कराल?" मी म्हटलं, "मला सगळे दात आहेत." ती तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. माझं काय चुकलं ते तू सांग.

वरच्या खोलीचं मी विचारत नव्हतो, पण विचारतो. तू तिथे रमली आहेस असं वाटतं. चांगला शेजार आहे ही मोठीच सोय. अडीअडचणीला माणूस जवळ असावा. खोली तशीच ठेवू ना?

तुझा,
बारक्या

२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं काय चुकलं ते तुला कळणार नाही. तिला जवळ घे आणि दातांबद्दल बोलू नकोस.

खोलीत तिचं शिवणाचं मशीन ठेव. मी येत नाही.

कप्तान बोलतात रे! सात महिन्यांचं साठलेलं. सकाळी फाटकापासून सुरू होतात ते किनाऱ्याच्या टोकापर्यंत. बसचे सगळे थांबे, कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, कोणाची म्हातारी कुठे उतरायची विसरायची, गेलेल्या बायकोला कुठली वळणं आवडायची नाहीत. मी मध्ये बोलायला गेले तर म्हणतात, "थांबा हं, पुढचा थांबा आला." मला, मला कुणीतरी बोलू देत नाही! एक-दोनदा वाटलं, ती कवळी सापडली नसती तर बरं. पण घरी आल्यावर इतकं शांत वाटतं की रेडिओ लावावा लागतो.

काल ओहोटी लांब गेली होती. अगदी पाण्याच्या काठाशी मला एक तुकडा दिसला. अंड्याएवढा, काळाभोर, आणि त्यावर एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत बारीक रेघांची नक्षी, एकसारखी, पुन्हा पुन्हा येणारी. तू शिकवलंस तशी. असा कधीच सापडला नव्हता. मी तो उचलला, उजेडाकडे धरला.

मागून कप्तान काहीतरी म्हणाले. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"काय?"

ते पुन्हा म्हणाले. शीळ तेवढी ऐकू आली.

"मोठ्याने बोला!"

तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "दोन घरांत दोन चुली कशाला? लग्न करू या का?"

लांब फिरणाऱ्या औषधाच्या बाई जागच्या जागी थांबल्या. गळ टाकून बसलेल्या माणसाने गळ वर घेतला. मी वळले, आणि नेमकी तेव्हाच लाट आली. गुडघ्यापर्यंत आली, मी तोल सावरायला हात पसरले आणि ते त्यांनी धरले. दोन्ही.

"करू या," मी म्हटलं. मोठ्याने म्हणायची गरज नव्हती, पण माझं तुला माहीत आहे. औषधाच्या बाईंनी तिथूनच टाळ्या वाजवल्या.

दगड पाण्यात गेला. काय होता कोण जाणे. कप्तान म्हणाले, "थांबा, शोधू या." मी म्हटलं, "राहू दे, पाय गार पडलेत, आधी चहा."

तुझी,
ताई